खाऱ्या पाण्यातील गोड विहिरी

किल्ला म्हटला की आम्हां बिदरकरांच्या डोळ्यांपुढे येतो तो जांभ्याच्या कातळात खोदलेला तिहेरी खंदक. पंधराव्या शतकात बहामनी सुलतान अहमदशाह वली याने राजधानी गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, बिदरला आणली आणि येथला दुर्ग बलाढ्य केला. समुद्र येथून फार दूर. त्यामुळे शाळेच्या सहलीबरोबर मालवणास जाऊन आम्ही प्रथम सिंधुदुर्ग पाहिला, तेव्हाच सागराचा खंदक म्हणजे काय ते आम्हांस उमगले.

सागर तटाला राखतो, तशी शत्रूलाही वाट देतो. फ्रेंचांच्या स्वारीच्या धास्तीने इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने १५३९ पासून किनाऱ्यावर तोफांचे दुर्ग बांधविले. तरी १५४५ साली फ्रेंच वाइट बेटावर उतरलेच. पुढे १५४७ मध्ये त्या बेटावर यार्मथचा किल्ला पुरा झाला. शिवछत्रपतींपुढेही जंजिऱ्याचा सिद्दी आणि पोर्तुगीज होतेच. १६६४ च्या नोव्हेंबरात मालवणजवळील कुरटे बेटावर कामास आरंभ झाला. पायाचे चिरे शिशाच्या रसात बसविले. महाद्वार असे बेतले की दुरून ते दिसूच नये. सोबतीला पद्मगड, राजकोट, सर्जेकोट उभे केले.

परंतु आमच्या मनात घर केले ते तेथील तीन विहिरींनी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चहूकडे खारे पाणी आणि मधोमध गोडे! तट कितीही भक्कम असो, आत पिण्याचे पाणी नसेल तर शिबंदी टिकायची कशी?

२०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांत सिंधुदुर्ग आहे, तशीच तमिळनाडूतील जिंजीही आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आम्हांस याचा विशेष आनंद झाला. तथापि आमच्या सीमाभागात मराठी वर्गांचा पट वर्षागणिक उतरत चालला आहे, त्याचे काय? भोवतालची कन्नड काही खारी नाही. तीही गोडच, आणि आमच्या मुलांनी ती मनापासून शिकलीच पाहिजे. पण घरची विहीर उपसली नाही तर बुजते, हे खेड्यातले पोरही जाणते.

म्हणून वाचकहो, तिन्हीसांजेला दिवा लागला की मुलांकडून मराठीचे एक पान मोठ्याने वाचून घ्यावे. गावाकडच्या आजीला महिन्याकाठी एक पत्र त्यांच्याच हाताने लिहवावे. एवढा उपसा चालू राहिला, तरी झरे जिवंत राहतील.