सेल्फचा नुसता ‘टक्’

सेल्फचं बटण दाबलं की नुसतं ‘टक्’. सोलापूरजवळच्या कुंभारीत हा आवाज कुणालाही सांगा, उत्तर ठरलेलं: बॅटरी बदला. मला ही घाई पटत नाही. इथल्या गोदूताई परुळेकर वसाहतीत २००६ साली विडी कामगार बायकांना १०,००० घरं मिळाली. विड्या वळून आलेल्या पैशांत जपलेल्या गाड्या या भागात दारोदारी दिसतात. धड असलेली वस्तू या बायकांना बदलायला लावणं हा अन्यायच.

म्हणून असाच ‘टक्’ करणाऱ्या एका मोटरसायकलला आधी मीटर लावला. बॅटरी १२.६ व्होल्ट, बटण दाबून धरलं तरी आकडा बाराच्या वरच. बॅटरी गेलेली असती तर तो दहाखाली कोसळला असता. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून रिलेचे दोन्ही जाड बोल्ट स्क्रूड्रायव्हरने जोडले. मोटर ढिम्म. म्हणजे दोष रिलेच्या पुढे. अर्थिंगची वायर घट्ट होती. उरली मोटरच.

ती खोलली. आतले कार्बन ब्रश झिजून इतके आखूड झाले होते की स्प्रिंगचा दाब तांब्यापर्यंत पोचतच नव्हता. तांब्याच्या पट्ट्यांवर काळा थर, मधल्या खाचांत भुकटी गच्च. बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने गोल फिरवला, खाचा टोकदार काडीने मोकळ्या केल्या, तसं तांबं लालसर उजळलं. हे काम सावकाशच करावं. खरवडलं की नवे कार्बन लवकर झिजतात.

नवे कार्बन बसवले, मोटरच्या ओ-रिंगला ऑइलचं बोट लावलं. सेल्फ लगेच लागला. पावसाळ्याआधी सेल्फच्याच वाटेतला क्लचचा स्विचही खोलून बघणार आहे.