होसकोटे : नवा कोट आणि जुने पाणी

पुण्याहून सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे अशी गावे मागे टाकीत दक्षिणेस जाणारा हमरस्ता मराठी प्रवाशाच्या चांगल्या परिचयाचा आहे. बंगळूर आले की आपल्यापैकी बहुतेकांचा प्रवास तेथे संपतो. फार तर म्हैसूर, उटी किंवा तिरुपती एवढीच पुढची धाव. परंतु ज्या काळी या मार्गास राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ असे नाव होते, त्या काळी तो बंगळुरात न थांबता ईशान्येकडे वळून होसकोटे, कोलार, मुळबागल करीत मद्रासेस पोहोचत असे. आता क्रमांक बदलले आहेत, मद्रासचे चेन्नई झाले आहे, आणि होसकोट्यापासून चेन्नईकडे जाणारा नवा द्रुतगती मार्गही आखला गेला आहे. गाव मात्र जेथल्या तेथेच आहे. बंगळुरापासून अवघ्या २७ किलोमीटरांवर असलेल्या या गावी आपण एक दिवस मुक्काम करावा, एवढ्याचसाठी हा लेख.

कानडीत ‘होस’ म्हणजे नवा आणि ‘कोटे’ म्हणजे कोट. कोलारच्या जुन्या कोटाहून वेगळा तो हा नवा कोट. सुगटूरचा पाळेगार तम्मेगौडा याने इसवी सन १५९५च्या सुमारास तो बांधला. ज्याच्यावरून गावाचे नाव पडले तो कोट आज पाहू म्हटले तर सलग असा दिसत नाही. म्हणून गड-किल्ल्यांची हौस घेऊन येणाऱ्या प्रवाशाची येथे थोडी निराशाच होते. पण तम्मेगौडाने कोटाबरोबर आणखी एक काम केले होते. दक्षिण पिनाकिनी नदीच्या पाण्याला बांध घालून त्याने एक विस्तीर्ण तलाव निर्माण केला. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरात या बांधाची लांबी दोन मैल दिली असून, तलाव तुडुंब भरला म्हणजे पाण्याचा घेर दहा मैलांचा होतो, असे म्हटले आहे. चारशे वर्षांपूर्वी एका लहानशा पाळेगाराने, यंत्रसामग्रीवाचून, केवळ माती, दगड आणि माणसांचे हात यांच्या बळावर हे काम उभे केले, हे ध्यानी घेऊनच त्या बांधावर पाऊल ठेवावे.

हा प्रदेश पर्जन्यछायेतला. कृष्णा-कावेरीसारखी बारमाही नदी येथे नाही. जे काही पाणी ते पावसाळ्यातले. ते वाहून जाऊ न देता एका तलावात अडवायचे, तो भरला की सांडव्यावरून खालच्या तलावात, तेथून त्याच्याही खालच्या तलावात सोडायचे, अशी तलावांची साखळी म्हैसूर मुलखात गावोगाव गुंफलेली आहे. कानडीत तलावाला ‘केरे’ म्हणतात, सांडव्याला ‘कोडी’, आणि शेतांना पाणी वाटून देणाऱ्या गावकामगाराला ‘नीरगंटी’. आपल्याकडच्या पाटकऱ्याचाच हा भाऊ. कोणाच्या शेतात किती वेळ मोरी उघडी राहील हे नीरगंटी ठरवी, आणि त्याचा शब्द मोठमोठ्या गौडांनाही मानावा लागे. वरच्या गावाने तलाव बिघडवला तर खालच्या गावाची भाताची खाचरे कोरडी पडत. म्हणून तलावाचा गाळ काढणे हे सर्वांचेच काम असे.

हिवाळ्यात सकाळी लवकर गेलात, तर मुलांना दुर्बीण घेऊ द्या. बगळे, पाणकावळे, चित्रबलाक, मोठ्या चोचीखाली झोळी बाळगणारे पेलिकन यांची तेथे वर्दळ असते. काळ्या अंगाचा आणि कपाळावर पांढरा टिळा लावलेला, थव्याथव्याने पोहणारा एक पक्षी दिसला, तर त्याला मराठीत ‘वारकरी’ म्हणतात हे त्यांना अवश्य सांगा. ज्या बदकाच्या चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी तांबडा ठिपका असतो, त्याचे आपल्याकडील नाव ‘हळदीकुंकू’. परक्या मुलखात ही घरची नावे उच्चारताना मोठी मौज वाटते.

घरची म्हणावी अशी आणखीही एक गोष्ट येथे आहे. इसवी सन १६३८मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे या प्रांती आले. बंगळूर केंपेगौडाकडून घेतले गेले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीचे मुख्य ठाणे झाले. होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर, शिरा हे परगणे त्याच जहागिरीत मोडत. राजांच्या बंगळूरच्या दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये या कवीने ‘राधामाधवविलासचंपू’त केले असून, इतिहासाचार्य राजवाडे यांनी तो ग्रंथ शोधून प्रसिद्ध केला. आपण शहाजीराजांना बहुधा शिवछत्रपतींचे वडील एवढ्याच नात्याने ओळखतो. त्यांच्या आयुष्याची उत्तरार्धातील पंचवीस वर्षे मुख्यतः कर्नाटकात गेली, आणि २३ जानेवारी १६६४ रोजी त्यांचा देहही याच राज्यातील होदिगेरे येथे पडला, याचा आपल्याला सहसा विसर पडतो.

त्यानंतरच्या शतकात होसकोट्याच्या तटाखाली बऱ्याच फौजा येऊन गेल्या. १७५६मध्ये ते म्हैसूरकरांनी घेतले. मधूनमधून ते मराठ्यांच्याही हाती येई. १७६१ साली निजामाचा भाऊ बसालतजंग याने त्यास वेढा घातला. गाव काही हाती लागेना. तेव्हा हैदरअलीने त्याच्याशी तीन लाख रुपयांचा सौदा केला, आणि बसालतजंगाने त्यास शिऱ्याचा नबाब म्हणून सनद दिली. यातील गंमत अशी, की शिरे त्या वेळी मराठ्यांच्या ताब्यात होते. जे विकणाऱ्याचे नव्हते तेच घेणाऱ्याने विकत घेतले! तरीही ‘नबाब हैदरअलीखान’ हे नाव पुढे सगळ्या हिंदुस्थानाने ऐकले. त्याचा उगम होसकोट्यापुढील या छावणीत आहे.

सात वर्षांनी याच गावाबाहेर गुत्तीकर मुरारराव घोरपडे यांचा तळ पडला होता. इंग्रज आणि हैदर यांच्या पहिल्या युद्धात मुरारराव इंग्रजांच्या बाजूने आले होते. २२ ऑगस्ट १७६८च्या रात्री हैदराने एकाएकी त्यांच्या तळावर छापा घातला. या रात्रीची हकीगत मार्क विल्क्स याने आपल्या म्हैसूरच्या इतिहासात दिली आहे. मुराररावांनी आपल्या लोकांना ताकीद दिली, की कोणीही घोड्यावर बसू नये. प्रत्येकाने आपल्या घोड्याच्या तोंडाशी पायउतार उभे राहावे आणि जो स्वार दिसेल तो शत्रूचा समजून त्यावर हत्यार चालवावे. काळोखात आपपर ओळखण्याची याहून सोपी युक्ती कोणती असणार? तंबूंच्या दोरांत हैदराचे घोडे अडखळू लागले. इतक्यात मुराररावांचा हत्ती जखमी होऊन खुंट्यावरून सुटला, आणि आपलीच साखळी सोंडेत धरून ती डावीउजवीकडे फिरवीत शत्रूच्या घोडदळातून धावत सुटला. ते घोडदळ उधळून मागून येणाऱ्या आपल्याच पायदळावर जाऊन आदळले. छापा फसला. अर्थात दैवाचे फासे नेहमीच अनुकूल पडत नाहीत; १७७६मध्ये हैदराने गुत्ती जिंकली, आणि हा शूर सरदार त्याच्या कैदेतच मरण पावला. त्या रात्रीचे कोणतेही स्मारक होसकोट्यात शोधू नये. मैदान पाहावे आणि हत्ती कल्पनेने उभा करावा.

गावातील मुख्य देवालय अविमुक्तेश्वराचे. ‘अविमुक्त’ हे काशीक्षेत्राचे नाव, म्हणजे हा काशीचाच विश्वनाथ पिनाकिनीच्या तीरी आला असे समजावे. देवळाची घडण विजयनगरच्या वळणाची आहे. उन्हाळ्यात येथे मोठा रथोत्सव होतो, तेव्हा आसपासच्या खेड्यांतील माणसांनी गाव फुलून जाते. एरवी देवळात निवांतपणे बसता येते.

आता तलावाविषयी आणखी थोडे. बंगळूर शहर वाढत वाढत होसकोट्याच्या वेशीपर्यंत आले आहे. कारखाने आले, गोदामे आली, घरांच्या वसाहती आल्या. नदीच्या वरच्या अंगाला शहर बसले, की खाली येणाऱ्या पाण्यात शहराचे सांडपाणीही येते. आणि हीच पिनाकिनी पुढे तमिळनाडूत शिरत असल्याने तिच्या पाण्याचा वाद दोन राज्यांतही आहे. दुसरीकडे, २०१८पासून बंगळूरचे शुद्ध केलेले सांडपाणी नळांनी नेऊन कोलार जिल्ह्यातील कोरडे तलाव भरण्यात येत आहेत. विहिरींना पाणी आले म्हणून काही शेतकरी संतुष्ट आहेत. हे शुद्धीकरण पुरेसे नाही, म्हणून काही चिंतित आहेत. प्रस्तुत लेखकाला दोन्ही म्हणणी खरी वाटतात. तम्मेगौडाच्या काळी प्रश्न पाणी अडविण्याचा होता. आज अडविलेले पाणी कसले आहे हेही पाहावे लागते. आपण बांधावर उभे राहाल तेव्हा पाण्याकडे, आणि ज्या दिशेने ते येते तिकडेही, लक्ष द्या.

ती दिशा नंदीदुर्गाची. होसकोट्याहून देवनहळ्ळीमार्गे मोटारीने सुमारे दीड तासात नंदीच्या पायथ्याशी पोहोचता येते. वाटेत द्राक्षांचे मांडव आणि पपनसाच्या बागा लागतात. देवनहळ्ळीची पपनसे नावाजलेली आहेत. समुद्रसपाटीपासून १,४७८ मीटर उंचीचा हा डोंगर आणि त्याच्या आसपासच्या रांगा म्हणजे नद्यांचे माहेरघर आहे. उत्तर पिनाकिनी, दक्षिण पिनाकिनी, पालार, अर्कावती या साऱ्या येथूनच निघतात. पर्यटक पहाटे धुके पाहण्यास थेट माथा गाठतात आणि पायथ्याच्या नंदी गावातील भोगनंदीश्वराचे देऊळ न पाहताच परततात. आपण तसे करू नका. या देवळाशी निगडित सर्वांत जुन्या लेखांत इसवी सन ८०६च्या सुमाराचा राष्ट्रकूट सम्राट तिसरा गोविंद याचा लेख आहे. वेरूळचे कैलास लेणे ज्या घराण्याने खोदविले, त्याच घराण्याचा हा राजा. जोडीने उभी असलेली दोन शिवालये, काळ्या दगडाचे रेखीव खांब आणि मागील प्रशस्त पुष्करिणी पाहण्यास दोन तास तरी हवेत.

जवळच मुद्देनहळ्ळी आहे. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे हे जन्मगाव. त्यांचे स्थापत्यशास्त्राचे शिक्षण पुण्यात झाले, नोकरीची उमेदीची वर्षे मुंबई इलाख्यात गेली, आणि १९०३ साली खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी योजलेली आपोआप उघडणारी दारे बसली. पुण्याच्या वाचकांनी तर येथे आवर्जून थांबावे.

दुसऱ्या दिवशी कोलार. होसकोट्याहून सुमारे ४० किलोमीटर. कोलारम्मा ही येथील ग्रामदेवता. तिच्या चोळकालीन देवळातच विंचवांची देवी चेलम्मा हिचे स्थान आहे. विंचूदंशापासून रक्षण व्हावे म्हणून भाविक तेथील जमिनीत पुरलेल्या पात्रात नाणे टाकतात. विजयनगरकालीन सोमेश्वराच्या देवळातील कोरीव मंडप पाहून मग शतशृंग डोंगरावरील अंतरगंगेकडे चढावे. तेथे दगडी नंदीच्या मुखातून झऱ्याचे पाणी अखंड पडत असते. पायऱ्या पुष्कळ आहेत आणि माकडे धीट. खाऊची पिशवी उघडी नेऊ नये. हैदराच्या वडिलांची कबरही कोलारातच आहे.

प्रवासास कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ चांगला. होसकोटे गावाला रेल्वे स्थानक नाही, जवळचे व्हाइटफील्ड. बंगळूरची मेट्रोही २०२३पासून व्हाइटफील्डपर्यंत धावते, आणि बंगळूरहून बसगाड्याही मिळतात. जेवणात रागीमुद्दे, म्हणजे नाचणीच्या पिठाचा उकडलेला गोळा, अवश्य मागवावा. तो चावायचा नसतो, साराबरोबर गिळायचा असतो. सामिष भोजन करणाऱ्यांना सांगावयास हवे, की होसकोट्याची बिर्याणी पहाटे खाल्ली जाते आणि तीसाठी लोक बंगळुराहून अंधारातच निघतात.

परतताना गाडीला अवकाश असेल तर बंगळूरच्या मल्लेश्वरम भागातील काडु मल्लेश्वराचे दर्शन घ्या. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी या देवास एक गाव इनाम दिल्याचा १६६९चा शिलालेख तेथे आहे.