धान पिकलं की नाटक

झाडीपट्टीतल्या जुन्या नटाला विचारा, कोणतं साल चांगलं गेलं? तो भूमिकेचं नाव घेणार नाही. त्या वर्षीचा पाऊस सांगेल. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या धानाच्या मुलखात नाटकं दिवाळीनंतर सुरू होतात आणि होळीच्या सुमारास थांबतात. धान घरात आलं, हाती पैसा आला की गावोगाव मंडईची जत्रा भरते. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री नाटक. माझे बरे दिवस आणि वाईट दिवस, दोन्ही याच क्रमाने आले.

माझं गाव चोरखमारा, तिरोडा तालुक्यात. बाहेरचे लोक त्याला नागझिऱ्याचं एक प्रवेशद्वार म्हणून ओळखतात. जिप्सीत बसतात, तलाव पाहतात आणि जंगलात शिरतात. आम्ही पोरं मात्र मंडईची वाट पाहायचो. नाटक रात्री दहाच्या पुढे उभं राहायचं आणि तांबडं फुटेपर्यंत चालायचं. घरून बोरी न्यायची, ती अंथरायची, अंगावर घोंगडी घ्यायची. लहानगी दुसऱ्या अंकात झोपून जायची आणि खून पडायच्या वेळी माय त्यांना हलवून उठवायची.

माझं पहिलं काम गावच्याच नाटकात झालं. धान कापायच्या दिवसांतच संध्याकाळी तालीम बसायची. दिवसभर बांधीत वाकलेली माणसं हातपाय धुऊन यायची आणि कंदिलाच्या उजेडात संवाद म्हणायची. नायिका नागपूरहून ठरवलेली असायची. ती नाटकाच्या दिवशीच गावात पोहोचायची. ज्याच्याशी रात्री लग्न लागायचं, त्या नायकाला ती पहिल्यांदा रंगमंचावरच नीट पाहायची! विंगेत प्रॉम्प्टर बसलेला असायचा. त्याचा आवाज कानात घेत, चेहऱ्यावर त्याची खूण दिसू न देता बोलायचं. अभिनयाच्या शाळेत हे शिकवत असतील का, मला ठाऊक नाही. आमची सगळी विद्या मात्र तिथून सुरू झाली.

माझा आवाज जाड, म्हणून खलनायक वाट्याला आला. झाडीपट्टीत खलनायकाला लोक मनापासून धरतात. मी सुनेला घराबाहेर काढलं की पुढे बसलेल्या म्हाताऱ्या बोटं मोडायच्या. एका गावी एकजण उठून ओरडली, ‘‘याले बाहेर काहाडा!’’ सकाळी तिच्याच घरी मला चहा मिळाला, पण तिच्या नजरेतला राग काही पूर्ण उतरला नव्हता. त्याहून मोठी पावती मला आजवर कुणी दिलेली नाही.

पुढे वडशाच्या कंपनीत गेलो. देसाईगंज म्हणजे वडसा, झाडीपट्टीच्या नाटकांची राजधानी. सिझनच्या आधी गावोगावची तरुण मंडळं तिथे येतात आणि कोणतं नाटक, कोण नट, कोणती तारीख हे ठरवतात. मंडळं माझं नाव घेऊन नाटक मागू लागली तेव्हा मी गोंदियाहून बल्लारशाच्या गाडीने निघायचो आणि वडशाला उतरायचो. सिझनभर घर दिसायचं नाही. रात्री रंग चढवायचा, पहाटे उतरवायचा, दिवसा गाडीत झोप आणि संध्याकाळी पुढचं गाव. घसा बसला तर गरम पाणी पिऊन उभं राहायचं. लोकांनी तिकीट काढलेलं असतं.

मग २०१४ आलं. सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या आणि आमचे पट थांबले. बैलांचे हाल होऊ नयेत हे मलाही पटतं. पण पटाला पाहुणे यायचे, तेच रात्री नाटकाला थांबायचे. पट बंद झाला तिथे नाटक घेणारं मंडळही कचरू लागलं. नोव्हेंबर २०१६ मध्ये ऐन सिझनच्या तोंडावर नोटा बंद झाल्या. तिकीटखिडकीवर लोक पाचशेची जुनी नोट धरून उभे. पुढच्या वर्षी धानावर तुडतुडा पडला, उभ्या बांध्या करपल्या. आमच्या घरचंही धान गेलं. त्या वर्षी मी एकाच वेळी शेतकरी म्हणूनही बसलो आणि नट म्हणूनही. करोनाच्या काळात तर रंगाची पेटी उघडलीच नाही. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली, मंडया भरू लागल्या. पण तोवर माझ्या वयाचे कितीतरी वादक, नट मजुरीला लागले होते. काही परतले, काही नाहीच.

२०२३ मध्ये गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. आमच्या मातीत उभं आयुष्य काढलेल्या नटाचं नाव दिल्लीत पुकारलं गेलं, त्या दिवशी मी घरात एकटाच मोठ्याने रडलो. मुंबई-पुण्याच्या नाटकाची बातमी रोज छापून येते. इथे थंडीत, उघड्यावर, हजारो माणसं तिकीट काढून रात्रभर नाटक पाहतात, याची दखल घ्यायला इतकी वर्षं का लागली?

खलनायक आता तरुण पोरं करतात, चांगलं करतात. मला बापाच्या भूमिका येतात. पण सध्या माझा वेळ दुसऱ्याच कामात जातो. राज्य सरकार पन्नाशी ओलांडलेल्या कलावंतांना महिन्याला पाच हजार रुपये मानधन देतं. पाऊस पडो न पडो, तो पैसा येतो, आणि आमच्या धंद्यात असा पैसा कधी नव्हताच. त्यासाठी बऱ्याच वर्षांच्या कामाचे पुरावे लागतात. आमचे पुरावे म्हणजे नाटकाची पत्रकं, आणि ती गावोगावच्या भिंतींवर चिकटून पावसात गेली. माझ्याबरोबर वाजवणारे एक तबलजी आता खाटेवर आहेत. त्यांच्यासाठी मी जुन्या मंडळांच्या लोकांकडे जातो, पेट्या उघडायला लावतो, वाळवी लागलेल्या गठ्ठ्यांतून त्यांचं नाव छापलेला कागद शोधतो. काही मिळालेत. अर्जाला अजून पुरेसे नाहीत. उद्या सडक अर्जुनीकडच्या एका गावी जायचं आहे.