बोटीची मोटर रस्त्यानं नेताना

आज ऊस, हुमणी, खताचा डोस यातलं काही नाही. मे संपत आलाय आणि नदीकाठच्या गावांत एक वस्तू आता ताडपत्रीखालनं बाहेर निघेल, ती म्हणजे पुराची बोट.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. त्यातच ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला, जिथं येरळा कृष्णेला मिळते तिथं, माणसं बाहेर काढणारी बोट उलटली आणि कितीतरी घरं उजाड झाली. तेव्हापासनं कृष्णाकाठाला बोटीच्या बाबतीत "चालतंय की" हा शब्द कानाला बरा वाटत नाही.

तापोळा-बामणोलीच्या बोटी कोयनेच्या पाण्यातच असतात, त्यांना हा प्रश्न नाही. आपली बोट पाण्यात कमी आणि रस्त्यावर जास्त. सरावाला नदीवर न्यायची ट्रॅक्टरमागं, पुरात दुसऱ्या गावाला न्यायची तीही ट्रॅक्टरमागं. आणि आपले रस्ते! उसाच्या जोडट्रॉल्यांनी काय ठेवलंय त्यांचं, ते सांगायला नको.

मोटर असते बोटीच्या मागच्या फळीला टांगलेली. रस्त्याला पंखा घासू नये म्हणून ती मागं वर उचलतात आणि एक छोटा लिव्हर अडकवतात. पंचवीस हॉर्सपॉवरची मोटर म्हटली तरी पन्नास-साठ किलो. उचलली की हे वजन फळीच्या बाहेर लांब जातं, म्हणजे पहारीनं दगड उचकटावा तसा जोर फळीवर येतो. प्रत्येक खड्ड्याला एक हिसका. आपण रोटर उचलून रस्त्यानं जाताना तो वरखाली आपटायला लागला की काय होतं ते ट्रॅक्टरवाल्याला कळतं. पिना वाकतात, हायड्रोलिक बोंबलतं. हे तसंच, फक्त इथं लोखंडाच्या जागी फायबर आहे.

गेल्या जूनला एका गावच्या बोटीची फळी बघितली. बोल्टाभोवती केसाएवढी चीर. वरनं काही नाही, पण अशा फळीत फायबरच्या आत बहुतेक प्लायवूड असतं. चिरेतनं पाणी शिरलं की ते आतल्या आत कुजतं. ट्रॉली ओढणारा पोरगा म्हणाला, "काका, लिव्हर हाय की अडकवलेला." म्हटलं, "बाळा, तो लिव्हर बोट उभी असताना मोटर वर ठेवायला. रस्त्याचे दणके सोसायला नव्हं."

मग इलाज काय? मोटर लहान असेल, दोन हाती स्क्रूवर बसणारी, तर काढूनच न्या. आधी उभी धरून आतलं पाणी निथळू द्या. आडवी ठेवताना इंजिनाचा भाग पंख्याच्या बाजूपेक्षा खाली जाऊ द्यायचा नाही, नाहीतर राहिलेलं पाणी इंजिनात जातं. फोर-स्ट्रोक असेल तर पुस्तकात दिलेल्या कुशीवरच झोपवा. खाली चार पोती टाका.

बोल्टनं पक्की बसवलेली असेल तर टेकू द्या. ट्रॉली पुरेशी उंच असेल आणि खाली हातभर जागा राहत असेल तर मोटर सरळ उभीच ठेवा, फळीवर सगळ्यात कमी ताण तेव्हाच. नसेल तर लागेल तेवढीच उचला. टेकू कुठल्याही वेल्डिंगवाल्याकडं होतो. दीड इंची पाइप, एका टोकाला इंग्रजी व्ही सारखा पट्टीचा खाचा, त्यावर ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे दोन थर. दुसरं टोक ट्रॉलीच्या मागच्या आडव्या लोखंडात पिनेनं अडकलं पाहिजे. खाचा मोटरच्या खालच्या पायाला बसवायचा, पंख्याला किंवा त्याखालच्या पातळ पात्याला नाही. मग मोटर हळू खाली सोडून वजन टेकूवर येऊ द्या आणि पट्ट्यानं खाली आवळा.

एक गोष्ट लोक विसरतात. बोटीचा मागचा भाग ट्रॉलीला आवळून बांधलेला नसेल तर असा टेकू उलटा घात करतो. बोट वेगळी उसळते, ट्रॉली वेगळी, आणि पाइप मोटरला खालनं ढुसण्या देतो. म्हणून आधी बोट बांधा, मग टेकू. हँडलही दोरीनं बांधा, नाहीतर मोटर वाटभर डावी-उजवी डोलते. पेट्रोलची टाकी वेगळी काढून तिच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद. मागं पंख्याला लाल फडकं, सळया नेताना बांधतो तसं.

नदीवर पोचलात की बोल्ट पाना लावून बघा आणि टेकू काढल्याशिवाय बोट पाण्यात ढकलू नका. घरी चालू करून बघायची असेल तर मोटरचा पाय पिंपातल्या पाण्यात बुडवूनच. कोरडी चालवली तर पाणी ओढणारा रबरी पंखा थोड्या वेळात जळतो, आणि ऐन पुरात तो कुठल्या दुकानात मिळणार?