शिरपूरची वाट आणि माइल्सचा हिशेब

नाशिककडचे मालेगाव वेगळे आणि वाशिम जिल्ह्यातले मालेगाव वेगळे. या दुसऱ्या मालेगाव तालुक्यात शिरपूर वसले आहे. गावाबाहेर पवळी मंदिराचे जुने दगडी काम आहे आणि गावात अंतरिक्ष पार्श्वनाथांचे मंदिर. मूर्ती भूमीला न टेकता स्थिर आहे, ही पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा; एलिचपूरच्या ईल राजाची कथा येथे लहान मुलेही सांगतात. 1981 पासून बंद असलेले दार सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2023 मध्ये उघडले. मधल्या काळात एक संपूर्ण पिढी परदेशी स्थिरावली. आता न्यू जर्सीत मुलांकडे राहणाऱ्या वृद्धांना, गुडघे साथ देत आहेत तोवर, नातवंडांसह एकदा मूर्तीसमोर उभे राहायचे असते.

अशा घरांत प्रवासाची बोलणी ‘आपले माइल्स किती साठले आहेत?’ या प्रश्नापाशी येतात. योगायोग असा की, अमेरिकन एअरलाइन्सने आपली माइल्सची योजना सुरू केली तीही 1981 मध्येच. आज एअर इंडियाचा महाराजा क्लब आहे, 2024 मध्ये आलेले इंडिगोचे ब्लूचिप आहे, युनायटेडचे मायलेजप्लस आहे. नावे निरनिराळी असली तरी प्रत्येक योजनेत दोन स्वतंत्र खाती असतात आणि घोटाळा होतो तो ती एकच समजल्याने. एक खाते खर्चायच्या माइल्सचे, ज्यांतून बक्षीस-तिकीट मिळते. दुसरे दर्जाचे, म्हणजे सिल्व्हर, गोल्ड वगैरे पायऱ्यांचे. पहिले साठत जाते; दुसरे ठरावीक मुदतीत पुन्हा कमवावे लागते.

पहिल्या खात्याचा कस सोप्या भागाकाराने लागतो. रोख भाड्यातून बक्षीस-तिकिटावर भरावे लागणारे कर व अधिभार वजा करावेत आणि उरलेल्या रकमेला लागणाऱ्या माइल्सनी भागावे. समजा, परदेशातून मुंबईचे तिकीट 90,000 रुपयांचे आहे, कर 12,000 आणि माइल्स 60,000 लागतात. तर एका माइलचे मोल 1 रुपया 30 पैसे झाले. मुंबई–नागपूरचे तिकीट 5,000 रुपयांचे, कर 1,000 आणि माइल्स 8,000 असतील, तर मोल अवघे 50 पैसे. असे असता देशांतर्गत टप्प्यासाठी स्वतंत्रपणे माइल्स उधळणे शहाणपणाचे नव्हे. अधिभाराचे नियमही पाहावेत. काही कंपन्या बक्षीस-तिकिटावर इंधन-अधिभार लावतात. युनायटेड आपल्या माइल्सवर तो लावत नाही.

मात्र नागपूरचा टप्पा त्याच तिकिटात जोडता आला, तर अवश्य जोडावा. एअर इंडिया 2014 पासून स्टार अलायन्समध्ये आहे, त्यामुळे युनायटेडच्या माइल्सवरही तिची जागा मिळू शकते. एकाच तिकिटावर आंतरराष्ट्रीय सामानाची मर्यादा नागपूरपर्यंत चालते. तिकिटे वेगळी काढली, तर देशांतर्गत इकॉनॉमीची बहुधा 15 किलोंची मर्यादा लागू होते आणि पहिले विमान उशिरा पोहोचले, तर दुसऱ्याची जबाबदारी कोणी घेत नाही.

खरी अडचण तिथीची आहे. पार्श्वनाथांचे जन्मकल्याणक मार्गशीर्ष वद्यात, उत्तरेच्या गणनेने पौष वद्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत येते. नेमक्या त्याच दिवसांत नाताळची गर्दी असते आणि बक्षीस-तिकिटे एक तर नसतात किंवा दुप्पट माइल्स मागतात. जागा सुमारे अकरा महिने आधी खुल्या होऊ लागतात, तेव्हाच पाहणे बरे. तिथीचा आग्रह नसल्यास फेब्रुवारी उत्तम; विदर्भातले ऊनही तेव्हा सोसवते.

आता दर्जाविषयी. वर्ष संपत आले की दर्जा टिकवण्यासाठी एक जादा फेरी मारण्याचा मोह अनेकांना होतो. स्टार अलायन्स गोल्डमुळे लाउंज मिळते, जादा सामान नेता येते, रांग टळते. महिन्याला प्रवास करणाऱ्या नोकरदारास याचे मोल आहे. दोन वर्षांतून एकदा येणाऱ्या कुटुंबाला मात्र 25,000 रुपये खर्चून एका जादा बॅगेची सवलत राखणे परवडत नाही. ती बॅग पैसे भरूनही नेता येते. शिवाय मुलाचा गोल्ड दर्जा मुलाचाच असतो. आई एकटी निघाली, तर त्याचा तिला उपयोग नाही. तिला हवी असते ती चाकाची खुर्ची आणि ती दर्जावर अवलंबून नसते; आगाऊ कळवले की मिळते. उलट, मुलाच्या खात्यातल्या माइल्सवर आईचे तिकीट बहुतेक योजनांत काढता येते. त्यासाठी शुल्क भरून माइल्स तिच्या नावावर वळवण्याचे कारण नाही.

माइल्स ही ठेव नव्हे. बँकेतील ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे कवच असते, नामनिर्देशन असते. माइल्सना तसे कवच नाही, आणि खातेदाराच्या पश्चात ते वारसाला मिळतील याचीही अनेक योजनांत शाश्वती नसते. 2012 मध्ये किंगफिशर थांबली, 2019 मध्ये जेट एअरवेज. ‘पुढच्या वर्षी वापरू’ म्हणणाऱ्यांचे हिशेब तेव्हा कोलमडले. चालू कंपनीही तिकिटाला लागणारे माइल्स हवे तेव्हा वाढवते. मुदतीचे नियमही सारखे नाहीत: सिंगापूर एअरलाइन्सचे माइल्स तीन वर्षांनी संपतात, युनायटेडने 2019 मध्ये ही मुदतच काढून टाकली. वृद्ध आईवडिलांसाठी राखलेले माइल्स म्हणूनच मिळेल त्या पहिल्या सोयीच्या तारखेला वापरावेत.

तिकीट निघाले की जैन भोजनाची नोंद करावी. बक्षीस-तिकिटावरही ते मिळते, पण उड्डाणाच्या किमान 24 तास आधी सांगावे लागते. नागपूरहून पुढे समृद्धी महामार्गाने मालेगावपर्यंत यावे आणि तेथून शिरपूरकडे वळावे. रेल्वेने येणाऱ्यांना अकोला–पूर्णा मार्गावरील वाशिम स्थानक सोयीचे. धर्मशाळेतील खोली आधी कळवून ठेवावी, आणि वृद्ध बरोबर असतील तर तळमजल्यावरचीच मागावी.