आले, कांद्याची पात आणि कडकडीत तेल

‘चायनीज’ म्हटले की महाराष्ट्रातील वाचकाच्या मनात सोया सॉस, लाल मिरची आणि लसूण यांचा स्वाद जागा होतो. परंतु दक्षिण चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात आणि हाँगकाँगमध्ये, म्हणजे कँटनी पाककलेच्या माहेरी, घरोघर होणारे आले-पातीचे तोंडीलावणे या तिन्हींवाचून सिद्ध होते. बारीक चिरलेले आले, तशीच चिरलेली कांद्याची पात, मीठ आणि वरून ओतलेले कडकडीत शेंगदाणा तेल, एवढीच त्याची सामग्री. मंद गरम पाण्यात अखंड शिजवून लगेच बर्फाच्या पाण्यात बुडवलेली, त्यामुळे कातडी ताणलेली आणि मांस मऊ राहिलेली बिनमसाल्याची कोंबडी हा कँटनी स्वयंपाकाचा मानबिंदू मानला जातो, आणि हे तोंडीलावणे मुख्यतः तिच्यासाठी असते. कोंबडीची चव झाकणारे काहीही त्यात असता कामा नये, हा त्यामागचा विचार आहे, आणि तोच त्याचा मोठेपणा आहे.

कोंबडीवाचून मेजवानी नाही अशी त्या प्रदेशाची पक्की धारणा असल्यामुळे कँटनी माणसाच्या आयुष्यातील बहुतेक प्रत्येक टप्प्यावर ही वाटी कोंबडीच्या शेजारी मांडलेली असते. आल्याशी तर त्याची गाठ जन्मापासूनच पडते: डुकराचे पाय, जून आले आणि गोड काळा व्हिनेगर एकत्र शिजवून बाळंतिणीला दिले जातात, आणि मूल महिन्याचे झाले की आप्तांना लाल रंगवलेली अंडी व मुरवलेले आले वाटण्याची प्रथा आहे. लहान मुलाला आल्याचा झणका सोसत नाही, तेव्हा त्याच्या भातावर या वाटीतले केवळ खारट, सुवासिक तेल पडते. पुढे चांद्र नववर्षाच्या आणि लग्नाच्या मेजवानीत तोच माणूस अख्खे आले-पात वाढून घेतो. वसंतात छिंगमिंगचा दिवस येतो, त्या दिवशी पूर्वजांच्या कबरी झाडून स्वच्छ करतात आणि त्यांच्यापुढे अन्न मांडतात; त्यात अखंड शिजवलेली कोंबडीही असते, आणि नैवेद्य झाल्यावर तीच कापून कुटुंब जेवते. ज्याने वडिलांच्या कबरीपुढे कोंबडी ठेवली, त्याच्या कबरीपुढे एक दिवस त्याची नातवंडे ती ठेवतात, आणि घरी परतल्यावर पुन्हा कुणीतरी आले चिरायला बसते.

हे चिरणेच खरे कौशल्याचे काम आहे. आले जून घ्यावे लागते, कारण कोवळ्या आल्याला रेषा कमी असल्या तरी तिखटपणाही कमी असतो. साल काढून त्याच्या पातळ चकत्या, चकत्यांच्या काड्या आणि काड्यांचे बारीक कण असे सुरीने करत जावे, हीच पद्धत सर्वांत चांगली ठरते. मिक्सरमध्ये आल्याचा लगदा होतो, त्याला पाणी सुटते, आणि त्या पाण्यावर तापलेले तेल पडताच ते उसळून अंगावर येते. साधारण 50 ग्रॅम आले, तितकीच पात, चमचाभर मीठ आणि 100 मिलिलिटर तेल हे प्रमाण एका कोंबडीला पुरते. भांडे मात्र उष्णता सोसणारे आणि जिन्नसांच्या मानाने बरेच मोठे हवे, कारण तेल पडल्यावर सगळे मिश्रण फेसाळून वर चढते. तेलातून धुराची पहिली रेघ निघाली की ते थोडे थोडे ओतावे. मराठी स्वयंपाकातील फोडणीत जिन्नस तेलात पडतात, इथे तेल जिन्नसांवर पडते, आणि हा फरक महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळे आले तळले न जाता क्षणभर पोळते. आल्याचा तिखटपणा ज्यामुळे येतो तो जिंजेरॉल आणि त्याची सुगंधी द्रव्ये तेलात सहज उतरतात. पात चिरताना तिच्यातील एका विकरामुळे, म्हणजे पेशींमधील रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनामुळे, गंधकयुक्त उग्र द्रव्ये तयार होत असतात, ती क्रिया उष्णतेने थांबते आणि पातीचा गोडवा तेवढा मागे राहतो.

आले चिनी जेवणात फार प्राचीन आहे. कन्फ्यूशियसच्या जेवणात ते नेहमी असे, असा उल्लेख ‘लुन-यू’ या ग्रंथाच्या दहाव्या प्रकरणात येतो. भुईमूग मात्र मूळचा दक्षिण अमेरिकेतला आणि चीनमध्ये तो सोळाव्या शतकाच्या सुमारास किंवा त्यानंतर पोहोचलेला, तेव्हा शेंगदाणा तेलातले आजचे रूप त्याहून जुने असू शकत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ग्वांगडाँगच्या किनाऱ्यावरील जिल्ह्यांतून माणसे कॅलिफोर्नियापर्यंत गेली, आणि त्यांच्याबरोबर त्यांचा स्वयंपाकही गेला. सिंगापूर-मलेशियात हैनान बेटावरून आलेल्यांच्या कोंबडी-भाताबरोबरही आल्याची वाटी असतेच. मुंबईत माझगावला 1919 साली उभारलेले ‘सी यप कून’ हे देऊळ त्याच ग्वांगडाँगमधील चार तालुक्यांच्या लोकांचे. एवढे जवळचे नाते असूनही मुंबईच्या हॉटेलांनी लोकप्रिय केले ते मंचुरियन आणि शेजवान चटणी. ही वाटी तिथे सहसा भेटत नाही, आणि हे खेदाचे आहे.

मराठी घरात तर ती सहज होण्याजोगी आहे. साताऱ्याकडचे आले बाजारात येते आणि शेंगदाणा तेल अनेक घरांत असतेच. फक्त चीनमध्ये वापरतात ती बारीक, फुगीर गड्डा नसलेली पात ही वेगळ्या जातीची वनस्पती असल्याने आपल्या पातीच्या कांद्याचा गड्डा वगळून हिरवा-पांढरा भागच घ्यावा. कोंबडी न खाणाऱ्यांनी ती गरम भातावर, नूडल्सवर किंवा वाफवलेल्या टोफूवर घालून पाहावी. उरलेले तोंडीलावणे मात्र बाहेर ठेवू नये, कारण तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि हवेवाचून वाढणारे विषारी जिवाणू तिथे वाढू शकतात. ते झाकून फ्रिजमध्ये ठेवावे आणि तीन-चार दिवसांत संपवावे.