नुसतं 'मस्त' नको!

मित्राने घरी लॅपटॉपवर केलेलं वाद्यसंगीत ऐकायला पाठवलं की आपण लगेच लिहितो, "मस्त रे!" झालं, विषय संपला. महिनाभर रात्री जागून केलेल्या कामावर एवढंच? बग रिपोर्टमध्ये नुसतं "चालत नाही" लिहिण्यातलाच हा प्रकार, फक्त गोड.

परवा एकाला मी लिहिलं, "सतार सुरेख. पण १:४० नंतर डग्गा आणि बेस गिटार एकमेकांवर चढतायत. बेस १०० हर्ट्झच्या आसपास जरा कमी करून बघ." दोन दिवस स्वारी गप्प. वाटलं, गेली मैत्री! मग नवीन मिक्स आला. डग्ग्याचा घुमारा स्पष्ट!

ऐकायचं मात्र हेडफोनवर. लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरला खर्ज झेपत नाही. जुना-नवा मिक्स ताडताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवायचा, कारण जो मोठा वाजतो तोच कानाला उगाच बरा वाटतो.

आणि पाठवणाऱ्यानेही "कसं वाटलं?" ऐवजी "डग्गा ऐकू येतो का?" असं विचारावं. उत्तर आलं की लगेच वकिली करू नये. समोरच्याने १:४० पर्यंत कान देऊन ऐकलंय, हे काय कमी आहे?